सातव्या खड्ड्यातलं बदक

खापरबाईंना खोटं बोलता येत नव्हतं अशातला भाग नाही. घरी त्या राजरोस खोटं बोलत. दूध उतू गेलं तेव्हा आपण फोनवर नव्हतो, डब्यातली बिस्किटं नवऱ्यानेच संपवली, शेजारीण आली तेव्हा आपण खरोखरच आंघोळीला गेलो होतो, हे सगळं त्या समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगत. त्यांचा हात अडायचा तो फक्त एका ठिकाणी. उत्खननाच्या नोंदवहीत त्यांनी तीस वर्षांत एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं, आणि त्यापायी त्यांच्यावर एक शनिवार कसा ओढवला त्याची ही हकिगत आहे.

खापरबाई हे नाव काही आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. जमिनीखालून निघालेले मडक्यांचे तुकडे धुवायचे, त्यांच्यावर बारीक शाईने आकडे घालायचे आणि ते कुठल्या काळातल्या कुठल्या भांड्याचे हे ओळखायचं, असं त्यांचं काम. असा तुकडा म्हणजे खापरी, म्हणून गल्लीत कुणीतरी हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. त्या घरातल्या टूथब्रशांना म्हातारपण बघायला मिळत नसे. जरा केस वाकले की ब्रश संग्रहालयाच्या भांडारात खापऱ्या घासायला जायचा, आणि एकदा तर नवऱ्याचा नवाकोरा ब्रश भल्या सकाळी नाहीसा झाला होता. नवरा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. त्यांना सगळे मास्तर म्हणत. गोलमटोल, आणि जेवण वेळेवर मिळालं की जगाबद्दल काही तक्रार नसलेला माणूस. त्यांनी त्या दिवशी बोटाने दात घासले आणि विषय मिटवला.

जेवायला बसल्यावर खापरबाईंच्या तोंडाला लगाम नसे. चार हजार वर्षांपूर्वीची माणसं त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांइतकीच माहीत होती, आणि दोघांबद्दलचं त्यांचं मत साधारण सारखंच होतं. तीस वर्षांत आपण मडकी काढली चारशे आणि झाकणं काढली सोळा, म्हणजे झाकणं तेव्हाही सापडत नव्हती, असं म्हणून त्या मास्तरांना ओट्याखालचा डब्यांचा खण उघडून दाखवत. त्यांनी खणलेल्या जुन्या गावात एकाच भिंतीला लागून दोन घरं होती. डाव्या घरातला केर प्रत्येक थरात उजव्या घराच्या दारापाशी सापडे, असा सलग दोनशे वर्षं. तेवढ्या काळात तीन राजे आले आणि गेले, केर ढकलणारा हात मात्र तोच राहिला, हे सांगताना त्या स्वतःच्या फाटकाकडे सूचकपणे बघत. राजांवर त्यांचा भारी राग. ज्याला दगडावर लेख कोरून घेता येतो तो थापा मारणारच, उकिरड्याला कुणावर छाप पाडायची नसते, असं त्यांचं म्हणणं, आणि ऐकणाऱ्याच्या ताटातलं पार गार होईपर्यंत ते चाले.

दुसरा राग सहकाऱ्यांवर. वस्तू ओळखू आली नाही की लोक 'धार्मिक उपयोगाची असावी' असं लिहून मोकळे होतात, हे त्यांना मुळीच खपत नसे. एका गृहस्थांनी मोठा गाजावाजा करून एक मातृदेवता उजेडात आणली होती. खापरबाईंनी ती हातात घेतली, दोनदा उलटीपालटी केली आणि ही झाकणाची मूठ आहे असं भर सभेत सांगून टाकलं. ते गृहस्थ अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. वस्तू ओळखण्यात आपण आजवर कधी चुकलो नाही, हा बाईंचा ताठा होता, आणि तो त्यांनी लपवलाही नव्हता.

आता उत्खननातली एक रीत सांगायला हवी. खड्डा खणून काम संपलं की तो पुन्हा मातीने बुजवतात. बुजवण्याआधी तळाशी आपल्या काळातली एखादी वस्तू ठेवतात, बहुतेक वेळा त्या सालाचं नाणं. पुढे कधी कुणी तिथेच खणलं, तर त्या खुणेवरून त्याला कळतं की आधीची मंडळी इथवर येऊन गेली, याखालची माती मात्र अजून कुणी हलवलेली नाही. अठरा वर्षांपूर्वी सातवा खड्डा बुजवायच्या वेळी खापरबाईंनी अख्खी पर्स पालथी घातली, तरी त्या सालाचं एक नाणं सापडेना. माणसं फावडी घेऊन खोळंबलेली. आणि गाडीच्या मागच्या सीटवर, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं, बदक होतं.

ते बदक नणंदेने दिलेलं. नणंद म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, सगळ्यांची ताई. ताईंना पन्नाशीत मातीकामाचा नाद लागला. शिकायला जाऊ लागल्या, घराच्या मागे छोटी भट्टीही घालून घेतली, आणि त्या भट्टीतून निघालेली पहिली धड वस्तू त्यांनी भावजयीला वाढदिवसाला आणून दिली. कागद सुटला तेव्हा आतून वीतभर लांबीचं, मळकट हिरव्या रंगाचं काहीतरी निघालं. फुगीर पाठ, पुढे झुकलेली मान आणि डावीकडे कललेली चपटी चोच. खापरबाईंनी एका नजरेत ओळखलं आणि "अरे वा, बदक!" म्हणाल्या. ताईंनी एकदा त्या वस्तूकडे बघितलं, एकदा भावजयीकडे, आणि आवडलं ना एवढंच विचारलं. खापरबाईंनी खूप आवडलं म्हणून सांगितलं, कारण त्या तेव्हा घरी होत्या.

खरं तर त्यांना ते बघवत नव्हतं. टीव्हीवर ठेवलं, पुस्तकांच्या कपाटात ठेवलं, अगदी फ्रिजवर ठेवून पाहिलं, तरी ते संशयाने आपल्याकडेच बघतंय असं वाटायचं. चौथ्या दिवशी ऑफिसात ठेवते म्हणून त्यांनी ते गाडीत घातलं आणि गाडीतून ते खड्ड्यात गेलं. मनाची समजूत काढायला सबळ कारणंही होती. भाजलेली माती कुजत नाही, गंजत नाही, आणि ताईंनी तळाला सुईने साल कोरलेलं होतं. नाण्याने तरी याहून अधिक काय केलं असतं?

एकदा वाट सापडल्यावर पुढचं सोपं झालं. दर वाढदिवसाला ताईंची एक वस्तू यायची आणि त्या सालच्या खड्ड्याच्या तळाशी रीतसर नोंद होऊन झोपायची. अशा अकरा झाल्या. कुठे ठेवलंस गं, असं ताई विचारत, तेव्हा कामावर आहे, एकदम सुरक्षित, असं खापरबाई सांगत. घरी बोललेल्या गोष्टींत ही त्यातल्या त्यात खरी होती. मास्तरांनाही याहून जास्त ठाऊक नव्हतं.

सात वर्षांपूर्वी ताईंचे हात कापायला लागले आणि माती सुटली. आता सत्तरी उलटल्यावर घरही सुटलं. मुलगा परदेशात स्थायिक झाला, एवढ्या मोठ्या घरात एकट्या कशाला म्हणून ते रिकामं केलं, आणि ताई दोन बॅगा घेऊन आठ दिवसांसाठी भावाकडे आल्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला वृद्धांसाठी एक निवास होता. तिथल्या लोकांनी एक खोली रविवारपर्यंत त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. येणार की नाही ते रविवारी कळवायचं होतं.

मास्तर नऊ वर्षांचे असताना त्यांची आई गेली, आणि पुढे त्यांना वाढवलं ते ताईंनीच. मास्तरांनी बायकोकडे जन्मात काही मागितलं नव्हतं, स्वतःचा टूथब्रशसुद्धा परत मागितला नव्हता. ताई आल्या त्या दिवशी मात्र ते स्वयंपाकघरात आले, उगाचच एक स्वच्छ कप पुन्हा धुतला आणि म्हणाले, "तिला इथेच राहावंसं वाटेल असं काहीतरी कर. मला बोलून दाखवायला जमत नाही."

आणि नवलाची गोष्ट म्हणजे खापरबाईंनाही आता तेच हवं होतं. त्यांच्या प्राचीन गप्पा ताट गार करून ऐकणारं माणूस त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच भेटलं होतं. दोनशे वर्षं केर ढकलला जात होता ते ऐकून ताईंनी विचारलं, मग उजव्या घरातल्या बाईने काय केलं? ती गप्प बसली असेल असं मला वाटत नाही. हा प्रश्न तीस वर्षांत एकाही विद्वानाला पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी बाईंनी भांडारात जुने नकाशे उलगडले, तर उजव्या घराची मोरी मधल्याच एका थरात वळवून डाव्या घराच्या जोत्याशी सोडलेली. त्या दिवशी खापरबाई, गुडघे दुखत असताना, बसथांब्यापासून घरापर्यंत जवळजवळ पळत आल्या. ताई आणि त्या टेबलाशी बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि हसता हसता खापरबाईंच्या लक्षात आलं की ही बाई रविवारी निघून गेली तर आपल्याला फार जड जाईल.

पण ताईंचं एकच पालुपद होतं, मला कुणाच्या घरात अडगळ व्हायचं नाही. गुरुवारी जेवताना त्यांनी सांगितलं की घर आवरणाऱ्या माणसांनी मातीच्या साऱ्या वस्तू दिसेल त्याला देऊन टाकल्या, आणि आयुष्यात जे घडवलं त्यातलं आज त्यांच्याजवळ एकही उरलेलं नाही.

"तुझ्याकडची अकरा तेवढी राहिली," त्या म्हणाल्या. "शनिवारी मला तुझ्या ऑफिसात ने. आपल्या वस्तू कुणी कशा ठेवल्यात ते बघितलं, की आपल्याला कसं ठेवतील ते कळतं."

त्या हसत बोलल्या, पण मास्तरांचा चमचा मध्येच थांबला. शनिवारी अकरा वाजता या, एवढं खापरबाईंच्या तोंडून कसंबसं निघालं.

शुक्रवारी संध्याकाळी चष्मेवालीचा फोन आला. चष्मेवाली ही बाईंची जुनी विद्यार्थिनी. बाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून उत्खननाचं काम आता तिच्या हाताखाली चाललं होतं. कुठलीशी नवी मातीची चाचणी करायला त्यांनी जुना सातवा खड्डा पुन्हा उघडला होता, तळाला हातभर माती उरली होती, उद्या सकाळी आठला ती काढायची, तर बाई, तुम्ही याच, असं तिचं म्हणणं. खापरबाईंनी फोन ठेवला आणि त्यांचा चेहरा उजळला. इतक्या खड्ड्यांतून नेमका सातवाच उघडावा, हे त्यांना वरून कुणीतरी पाठवल्यासारखं वाटलं. सकाळी सगळ्यांच्या आधी जायचं, बदक काढायचं, धुवायचं आणि ऑफिसच्या टेबलावर मधोमध मांडायचं. उरलेली दहा दुसऱ्या शहरात प्रदर्शनाला गेलीत म्हणून सांगायचं. ऑफिसात सांगितलं तरी ते नणंदेलाच सांगायचं होतं, म्हणजे घरातलंच खोटं. त्याला हरकत नव्हती.

शनिवारी उजाडता उजाडता खापरबाई उत्खननाच्या टेकाडावर हजर. राखणदार शेडमध्ये स्टोव्ह पेटवत होता, त्याने हात उचलून सलाम केला आणि पुन्हा पातेल्यात डोकं घातलं. बाईंनी उन्हाची टोपी डोक्यावर घातली. कापडाची, पुढे रुंद पट्टी असलेली, आणि बोटांनी सारखी ओढून ओढून पट्टी एका अंगाला गेलेली. मग शिडीच्या प्रत्येक पायरीवर गुडघ्यांची माफी मागत त्या पुरुषभर खोल खड्ड्यात उतरल्या, उकिडव्या बसल्या आणि थापीने माती ओढायला लागल्या. भुसभुशीत भरावच तो, अर्ध्या तासात, तेव्हा खुणेवर अंथरलेला प्लास्टिकचा कागद लागला. कागद बाजूला केला, ब्रश फिरवला, आणि हिरवी पाठ दिसली. मग मान, मग चोच. अठरा वर्षं मातीत पडूनही त्याच्या नजरेतला संशय जराही कमी झाला नव्हता.

खापरबाईंनी हात पुढे केला आणि तो तिथेच थांबला.

नोंद झाल्याशिवाय खड्ड्यातली वस्तू हलवायची नाही. आधी फोटो, शेजारी मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण ठेवून. मग जागेची मापं, मग आकडा, आणि त्यानंतर बोट लावायचं. एका खापरीला दोन बोटं सरकवली म्हणून खापरबाईंनी मिशीवाल्या, दोन मुलांच्या बापाला याच टेकाडावर रडवलं होतं. तळाची खूणच उचलून नेली तर आधीचा खड्डा कुठे संपला याचा पुरावाच पुसला जाणार, आणि वहीत काय लिहायचं? खूण सापडली नाही? त्यांनी हात मागे घेतला. मग ताईंचा चेहरा आठवला आणि हात पुन्हा पुढे केला. असा तो तीनदा गेला आणि तीनदा आला. घड्याळात साडेसात वाजले. नणंद जाईल, नवरा तोंडाने काही बोलणार नाही पण जन्मभर कप धूत राहील, हे सगळं लख्ख दिसत होतं, आणि हात काही चालत नव्हता. स्वतःचा इतका राग त्यांना याआधी कधी आला नव्हता. शेवटी एक फुटकी खापरी हातात घेऊन, खाली मान घालून त्या बदकाशेजारी तशाच बसून राहिल्या.

वर गाडीचा आवाज झाला. चष्मेवाली आली, तिने वरूनच नमस्कार केला. पाठोपाठ दुसरी गाडी थांबली आणि मास्तरांचा आवाज आला. मास्तरांच्या डोक्यात आयुष्यात क्वचितच कल्पना येत, आज नेमकी आली होती. ऑफिस काय नंतरही बघता येईल, आधी ताईला खरं काम बघू दे, म्हणून ते बहिणीला तडक इथे घेऊन आले होते.

ताई भावाचा हात धरून खड्ड्याच्या काठाशी आल्या आणि खाली बघितलं. खाली भावजय आणि तिच्या पायाशी ते हिरवं. ताई कितीतरी वेळ बघतच राहिल्या. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"ताई, मी सांगते," खापरबाई म्हणाल्या, पण तोवर चष्मेवाली जुनी नोंदवही घेऊन शिडीवरून खाली आली होती. खूण उचलण्याआधी तिची जुनी नोंद मोठ्याने वाचायची आणि वस्तूशी ताडून बघायची असते. वाचायला मी आहे, म्हणून खापरबाईंनी वहीवर झडप घातली. चष्मेवालीने वही मागे घेतली. ज्याने लिहिलं त्याने वाचायचं नाही, हे बाई, तुम्हीच शिकवलंय, असं ती अगदी भक्तिभावाने म्हणाली, आणि वर्गातल्यासारखं खणखणीत वाचायला लागली.

"खड्डा सात. बुजवताना ठेवलेली खूण. भाजक्या मातीचं बदक, हाताने घडवलेलं, हिरवी झिलई. लांबी एकवीस सेंटीमीटर, उंची चौदा. चोच चपटी, डावीकडे कललेली. मानेखाली उजव्या अंगठ्याचा ठसा. तळाला साल कोरलेलं. घडवणारी, माझी नणंद. अवस्था उत्तम." इथे ती थांबली आणि चष्मा उगाच वर सरकवला.

"शेऱ्याचा रकाना असतो ना? ही नेहमी सांगते," वरून ताई म्हणाल्या. "तो वाच."

चष्मेवालीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"शेरा. कुरूप. घरात ठेवणं अशक्य. बघणाऱ्याकडे संशयाने पाहतं."

मास्तर एकदा बहिणीकडे आणि एकदा बायकोकडे बघत राहिले. ताईंनी विचारलं, अकराही अशीच आहेत का? खापरबाईंनी डोळे उघडले आणि वर बघत सांगितलं की हो, अकराही. ऑफिसात एकही नाही, कधीच नव्हतं. मग त्यांनी ते प्रदर्शनाचं खोटंही सांगून टाकलं, जे अजून कुणाला सांगितलंही नव्हतं. "मी आज हे उचलून न्यायला आले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही राहावं म्हणून. ते आवडलं नव्हतं, ताई, ते खरंच आहे. पण तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं, तेही तेवढंच खरं आहे."

ताईंनी वहीसाठी हात पुढे केला. चष्मेवालीने शिडीवर चढून वही त्यांच्या हातात दिली. नोंदीखाली चित्र होतं. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, मापाबरहुकूम, पेन्सिलीच्या केसाएवढ्या रेघांनी काढलेलं. पाठीवरची झिलई जिथे पातळ झाली होती तिथे बारीक टिंबं घातली होती, आणि मानेखालच्या ठशातल्या रेषासुद्धा काढल्या होत्या. ताईंनी आपला कापणारा अंगठा त्या काढलेल्या ठशावर टेकवला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

"माझ्या एकाही वस्तूकडे कुणी इतकं निरखून बघितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरानेसुद्धा नाही." मग वही त्यांनी आडवी धरली, पुन्हा उभी धरली. "आणि एवढं निरखून तू चुकलीसच."

चूक म्हणताच खापरबाईंची मान अपमान विसरून ताठ झाली. कुठलं माप चुकलं, असं त्यांनी विचारलं.

"मापं बरोबर आहेत. बदक नाहीये ते."

"मग काय आहे?"

"तुझ्या वाढदिवसाच्या आदल्या महिन्यात हा मला इथे घेऊन आला होता, तुझं काम दाखवायला," भावाकडे बोट करून ताई म्हणाल्या. "तू खाली बसली होतीस. अर्धा तास आम्ही काठावर उभे, पण तू काही वर बघितलं नाहीस. इतका जीव लावून काम करताना मी बाईमाणसाला कधी बघितलं नव्हतं. घरी गेले आणि मातीत करायला बसले. दोनदा भट्टीत फुटलं. तिसऱ्यांदा साधलं. ही पाठ. ही पुढे झुकलेली मान. आणि ती चोच नाही गं, टोपी आहे. तेव्हाही तू ती अशीच वाकडी घालायचीस."

चष्मेवालीने बदकाकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं, आणि खड्ड्याच्या भिंतीकडे तोंड करून थरांचा अभ्यास करू लागली. तिचे खांदे हलत होते. खापरबाईंनी टोपीच्या पट्टीला हात लावला. ती डावीकडेच कललेली होती. त्यांनी खाली बघितलं, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना त्या हिरव्या गोळ्यात उकिडवी बसलेली, टोपी घातलेली, हातातल्या तुकड्याकडे संशयाने बघणारी एक बाई स्पष्ट दिसली. इतकी स्पष्ट, की आता त्यात बदक शोधूनही सापडेना.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" खापरबाईंनी विचारलं.

"तू इतक्या खात्रीने बोललीस. म्हटलं, हिला वस्तू ओळखता येतात म्हणे, आपलीच करण्यात चूक झाली असेल."

खापरबाईंना रडू आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदम, आणि ते लपवायला त्या खड्ड्यात आडोसा नव्हता. कुणीतरी प्रेमाने आपल्याला घडवलं होतं, आणि आपण स्वतःच्या हाताने आपल्याला पुरून वर कुरूप आणि घरात ठेवणं अशक्य असा शेरा मारून ठेवला होता. मास्तर काठावर पाय सोडून बसले होते. शेऱ्याच्या दुसऱ्या भागाबद्दल त्यांचं काही मत असावं, पण त्यांनी खिशातून आणलेला पाव काढला आणि तोंडात घातला.

नोंदवहीत खोडाखोड चालत नाही. चुकीवर एक सरळ रेघ मारायची, खाली दुरुस्ती लिहायची आणि सही करून तारीख घालायची. खापरबाईंनी वही मागून घेतली, गुडघ्यावर ठेवून 'बदक' या शब्दावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'बदक नव्हे. मी.' सही केली. शेऱ्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. तेव्हा जे वाटलं तेच त्यात लिहिलेलं होतं.

वही पुन्हा वर गेली. ताईंनी ती दुरुस्ती दोनदा वाचली आणि भावाला सांगितलं, "त्या निवासवाल्यांना आजच फोन कर. खोली दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं. हिच्या अजून दहा नोंदी तपासायच्या आहेत मला, आणि एका बैठकीत होणारं काम नाही ते."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना बोलता येईना, पण ते पावामुळे, असं त्यांनी दाखवलं. ताईंनी पान उलटलं आणि पुढची नोंद स्वतःच वाचली. खड्डा आठ. भाजक्या मातीचा बेडूक, बसलेला. पोट सुटलेलं, तोंड उघडं. शेरा, विनाकारण खूश.

"तो बेडूक मला चांगला आठवतो," मास्तर घास गिळून म्हणाले. "काय गोड होता गं. तोही कुणाला बघून केला होतास का?"

ताईंनी वही खाली भावजयीकडे दिली, आणि भावजयीने एकदा नवऱ्याकडे नीट बघून घेतलं आणि 'बेडूक' या शब्दावर सरळ रेघ मारली.